मागच्या जागेवर नणंद

नणंदेला होडीत बसायला शिकवलं ते वहिनीनंच. ती लग्न होऊन आली तेव्हा नणंद कॉलेजात होती आणि दिवसभर सोफ्यावर लोळायची. वहिनीच तिला ओढून तळ्यावरच्या आपल्या होडी-क्लबात घेऊन गेली. नणंदेचं ऐकून क्लबातले सगळेच मग वहिनीला 'वहिनी' म्हणू लागले, अगदी टक्कल पडलेले प्रशिक्षकसुद्धा.

वहिनी जोडीच्या होडीत वल्हवायची. पुढं तिची उंच जोडीदार, जिला सगळे लांबडी म्हणायचे, आणि मागं ती. लांबडी ताल धरायची आणि वहिनी तिच्या पाठीकडे बघून तो उचलायची. लांबडीचा खांदा दुखतोय का, ती घरी भांडून आलीय का, सगळं तिला त्या पाठीवरून कळायचं. दोघींनी मोठ्या स्पर्धेत रौप्यपदक आणलं. पुढच्याच हंगामात वहिनीच्या मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरांनी होडी बंद केली.

तिच्या जागी नणंद बसली.

"तू बरी झालीस की मी उठतेच बघ," नणंद म्हणाली. वहिनीनं हसून मान हलवली.

त्यानंतर जेवताना रोज लांबडीचाच विषय. "तिच्या मानेवर तीळ आहे, माहितीये?" नणंदेनं एकदा सगळ्यांना सांगितलं. वहिनीचा घास हातातच राहिला. त्या तिळावर नजर ठेवून तिनं किती सकाळी काढल्या होत्या!

"अगं, सवत आल्यासारखी काय बघतेस?" नवरा म्हणाला. सगळे हसले, सासूबाईसुद्धा. तीही हसली आणि अर्धवट ताट उचलून आत गेली.

कंबर बरी झाली तशी ती तळ्यावर गेली. प्रशिक्षक चाचरत म्हणाले, "वहिनी, जोडी छान जमलीय. आता मोडवत नाही मला." नणंद तिथंच वल्हं पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या वर्षीची स्पर्धा घरच्यांनी टीव्हीवर बघितली. शेवटच्या टप्प्यात दोघी दुसऱ्या होत्या. 'दुसऱ्याच राहा,' वहिनीच्या मनात आलं. राहिल्या नाहीत. सुवर्णपदक! सासूबाई रडायला लागल्या. "तुझीच चेली!" म्हणत नवऱ्यानं तिला मिठी मारली.

नणंद घरी आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि पदक वहिनीच्या गळ्यात घालू लागली.

वहिनीनं तिचा हात धरला. "नको."

"का? तुझंच तर आहे."

"माझं नाही, म्हणून तर जळफळाट होतोय. तू हरावीस असं वाटलं मला."

नणंदेनं पदक ओट्यावर ठेवलं. "तू बरी झालीस तेव्हा मलाही रडू आलं होतं, वहिनी. उठायचंच नव्हतं मला." मग तिनं विचारलं, "बोलणार ना माझ्याशी?"

"बोलतेय की. चहा टाक."

पुढच्या आठवड्यात वहिनीनं एकटीची होडी काढली. पुढं कुणाची पाठ नाही, ताल आपलाच. सुरुवातीला होडी वाकडी जायची, दोनदा ती पाण्यातही पडली. चौतिसाव्या वर्षी तिनं कांस्यपदक मिळवलं. काठावर नणंद आणि लांबडी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून ओरडत होत्या. ते बघून वहिनीला आतून जरा टोचलंच.

"नुसत्या ओरडताय काय," ती म्हणाली, "होडी उचलायला या की!"