खालचा बोल्ट

गाडीच्या बॅटरीची काळी वायर काढली आणि अण्णा बोलायचे थांबले.

ते हॉलमध्ये, मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसले होते. दार उघडं असल्यामुळे पोर्चमध्ये गाडीवर वाकलेला मी त्यांना दिसत होतो, म्हणून सकाळपासून त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. चाळीस वर्षं इचलकरंजीत लेथ चालवलेल्या माणसाला, भूगोल शिकवणाऱ्या मुलाच्या हातात पाना बघवत नव्हता. मग मध्येच ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "भूपाल, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. मी तुला..." तेवढ्यात वायर माझ्या हातात आली. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यांच्या कपातली वाफही जागच्या जागी थांबली.

माझी बायको त्रिशला आतून आली, तिने त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला आणि वायर परत लावा म्हणाली. मी लावली. अण्णांच्या डोळ्यांत जरासा उजेड आला आणि गेला. बॅटरी उतरली होती. अल्टरनेटर तिला चार्ज करत नव्हता, म्हणून तर मी तो बदलायला घेतला होता.

दुकानातून बॅटरी चार्ज करून आणली. अण्णा सुरू झाले, पण सकाळपासूनचं सगळं पहिल्यापासून. पाना उलटा धरलायस. डायनामा असा निघतोय व्हय. धन्यकुमारनं तासाभरात काढला असता.

धन्यकुमार माझा थोरला भाऊ. गाडी त्याचीच. लाल, दोन दारांची, वाऱ्यासारखी पळणारी. अण्णांनी हौसेनं घेऊन दिलेली. तो कॅनडाला गेला त्याला अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षं ती मी धुतोय. बोलणी संपवून अण्णा पुन्हा "मी तुला" पर्यंत आले आणि बॅटरी संपली. तीनदा चार्ज करून आणली, तीनदा हेच झालं. मला घालून पाडून बोलायला पुरेल एवढी वीज दर वेळी होती. राहिलेलं सांगायला कधीच उरत नव्हती.

मला ते ऐकायचं होतं. आयुष्यात एकदा त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल एक बरा शब्द ऐकायचा होता आणि तो हाच असणार असं मला वाटत होतं. बावन्नाव्या वर्षी हे कबूल करायची लाज वाटते, पण खरं आहे ते असं आहे. नवा अल्टरनेटर बसवून गाडी चालू ठेवली, तरच अण्णा पुढे बोलणार होते.

बेल्ट निघाला. वरचा बोल्ट पाच मिनिटांत निघाला. खालचा दोन दिवस हलला नाही. तिसऱ्या दिवशी सैल झाला आणि यायला लागला. वीतभर आला, हातभर आला, मडगार्डावरून बाहेर आला आणि तरीही संपला नाही. त्याचं डोकं छातीशी धरून मागे मागे चाललं, तरच तो यायचा. बाजूला झालो की वीतभर परत आत जायचा. म्हणून मी पायरी मागे मागेच चढलो आणि उंबरठाही तसाच ओलांडला. त्रिशला मला उभ्या उभ्या चपातीचे घास भरवत होती. शाळेत रजेचा अर्ज तिनेच दिला.

हॉलच्या मध्यावर असताना धन्यकुमारचा फोन आला. तिने तो माझ्या कानाला लावला.

"अण्णा कसे आहेत?"

"थांबलेत."

"आणि गाडी?"

काम चालू आहे, असं मी सांगितलं. रंगाला ओरखडा येऊ देऊ नकोस, असं तो म्हणाला. मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण फोन संपताच मी त्रिशलाला मडगार्ड बघून यायला सांगितलं.

चौथ्या दिवशी माझ्या टाचा अण्णांच्या पावलांना लागल्या. शेजारच्या चौघांनी खुर्ची उचलून पाहिली, पण ती हलली नाही, आणि तिच्यामागे भिंत होती. त्यांनी मला धरून अण्णांच्या मांडीवर बसवलं आणि ते आपापल्या घरी गेले. या मांडीवर मी आधी कधी बसल्याचं आठवत नाही. ती जागा धन्यकुमारची होती.

पोर्चमध्ये त्रिशलाने एका हातात नवा अल्टरनेटर घेतला होता आणि दुसऱ्या हातात, पुन्हा चार्ज करून आणलेल्या बॅटरीची काळी वायर. ती वाकून बघत होती.

"तीन बोटं राहिलाय," ती म्हणाली. "निघाला की बसवते, वायर लावते आणि लगेच चावी फिरवते."

माझ्या पाठीला अण्णांची छाती टेकली होती. बोल्टचं डोकं माझ्या छातीला टेकलं होतं. तीन बोटं यायला पुढे जागा नव्हती आणि मागेही नव्हती.

"अहो, सोडताय का?" तिने विचारलं.

अण्णांचं उघडं तोंड बरोबर माझ्या कानाशी आलं होतं. शर्टाचं एक बटण बोल्टच्या आड येत होतं, ते मी आधी काढलं. मग दोन्ही हातांनी बोल्टचं डोकं घट्ट धरलं आणि छातीत ओढलं.