एक तरी वापरतं

स्वेतोमीरने लॅपटॉपवरचा क्रोशाचा रुमाल उचलून खांद्यावर टाकला आणि दाराजवळच्या बूट घालायच्या स्टुलावर बसकण मारली. राउटरची वायर तिथपर्यंतच पोचत होती. आत मोठ्या टेबलावर त्यांच्या घराण्याच्या संताची, संत लुकाची, मेणबत्ती उभी होती. ती बाराला पेटवायची आणि त्याच वेळी स्वीडनमधल्या येतेबोरीहून तियाना पडद्यावर यायची. घरच्या सणाला लेक घरी नाही, असं यंदा पहिल्यांदाच होत होतं. लॅपटॉप मेणबत्तीसमोर हवा होता, आणि त्याचं वायरलेस कालपासून ठार बंद होतं.

“झालं का?” विदोसावा स्वयंपाकघरातून ओरडली.

“होतंय.”

“सकाळपासून होतंयच!”

चूक त्याचीच होती. सणाआधी घर लख्ख हवं म्हणून बायकोने खिडक्या पुसल्या, गालिचे झटकले. आपणही हातभार लावावा म्हणून त्याने लॅपटॉप साफ केला आणि जुनं, बिनकामाचं दिसलं ते सगळं काढून टाकलं. त्यातच वायरलेसचा ड्रायव्हर गेला. तो नाही म्हटल्यावर लॅपटॉपला आपल्याच पोटातलं वायरलेस ओळखता येईना. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दार ढकलून खालच्या मजल्यावरचा बुदिमीर आत आला. या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. बुदिमीर बाटली घेऊन सगळ्यांत आधी येई.

“काय रे स्वेतो, दारातच दुकान मांडलंस?”

“वायरलेस बंद पडलंय.”

“फेकून दे तो डबा. हा बघ, आमच्या नेनादने व्हिएन्नाहून फोन पाठवलाय. याच्यावर लाव लेकीला.”

“माझ्या घरचा सण तुझ्या खिशातून करू होय?”

बुदिमीर हसला. त्याचा मुलगा नेनाद दातांचा डॉक्टर होता, आणि हे चाचाक गावात कुणाला ठाऊक नसेल तर तो बुदिमीरला अजून भेटला नसेल. तियानाचं काय चाललंय असं कुणी विचारलं, की स्वेतोमीर “कंप्युटरचं काहीतरी” म्हणून विषय बदलायचा.

“तसंही तुझ्यानंतर संत लुकाला मेणबत्ती लावणार कोण? लेक लग्न करेल, नवऱ्याचा संत धरेल,” बुदिमीर म्हणाला. दर वर्षी हेच म्हणायचा. दर वर्षी ते लागायचं.

स्वेतोमीरने मान पडद्याकडे वळवली. वायरीतून ड्रायव्हर उतरला होता. पण आधी पूर्ण वाचायचं, मगच हात लावायचा, ही एक्स्चेंजमधली सवय. त्याने सोबतची नोंद उघडली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचू लागला.

‘सांभाळणारे’ या शब्दाखाली तीन नावं होती. पहिला कुणी फिनलंडचा, दुसरा कुणी ब्राझीलचा. तिसरं नाव होतं तियाना वेसोविच.

त्याने चष्मा पुसला. नाव तेच राहिलं. खाली दोन वर्षांपूर्वीचा एक प्रश्न होता: हे यंत्र आता कुणीच वापरत नाही, ड्रायव्हर काढून टाकायचा का? उत्तर तिचं होतं.

‘एक तरी वापरतं. नवी प्रणाली आली की याची डागडुजी मी करीन.’

त्याचं बोट त्या ओळीवरच थांबलं. दोन वर्षं पोर हे करत होती, आणि तो चारचौघांत विषय बदलत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण तिच्या अभिमानाने छाती अशी भरून आली, की लाजेला फार जागा उरली नाही.

“काय रे, रडतोस की काय?” बुदिमीरने विचारलं.

“वाच,” म्हणून स्वेतोमीरने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

बाराला पाच मिनिटं असताना पडद्याच्या कोपऱ्यात वायरलेसची खूण उमटली. त्याने वायर उपटली आणि लॅपटॉप दोन्ही हातांत धरून टेबलावर नेऊन ठेवला.

“बाबा, आई म्हणाली वायरलेस बंद होतं. कसं गेलं होतं?” तियानाने पडद्यावर येताच विचारलं.

“मी घालवलं. कचरा समजून,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. विदोसावाने हातातला डाव खाली ठेवला.

“आणि परत आणलं कुणी?” बुदिमीरने विचारलं.

“तिनेच.”

मेणबत्ती पेटली. सणाची पोळी दोघांनी धरून मोडायची. दर वर्षीप्रमाणे बुदिमीरने हात पुढे केले, पण स्वेतोमीरने पोळी विदोसावापुढे धरली.

“तू धर. तिच्या वतीने.”

पोळी मोडली. त्याने त्यातला चतकोर वेगळा काढला, तसाच खांद्यावरचा क्रोशाचा रुमाल घेऊन त्यात बांधला. बाप वेगळ्या राहणाऱ्या मुलाला असा चतकोर देतो आणि सण त्याच्या घरी जातो. मुलीला दिलेला चाचाकमध्ये कुणी पाहिला नव्हता.

“शनिवारच्या बसने पाठवतो. पुढच्या वर्षीपासून तिकडेही लाव मेणबत्ती.”

तियानाने आपला लॅपटॉप थोडा वळवला. तिच्या टेबलावर मेणबत्ती आधीपासूनच जळत होती.

“तुला कुणी सांगितलं होतं?” स्वेतोमीरने विचारलं.

“बाबा, या सणाला बोलावणं लागतं का?”