सशाचं खातं

ऑफिसात तिला सगळे 'शंका' म्हणत. बैठक उठायच्या बेतात आली की हात वर करून "एक शंका आहे" म्हणायची तिला खोड होती, आणि त्या एका शंकेपायी सगळ्यांचा चहा थंड व्हायचा. कंपनी टीव्ही बनवायची. नव्या टीव्हीत घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं असणार होतं. कुणाला कशाची मुभा, कुणाला कशाची बंदी, पडद्यावर काय दिसेल, हे सगळं ठरवायचं काम शंकाचं. तिने तीन प्रकार केले होते: मुख्य सदस्य, मोठा सदस्य आणि लहान सदस्य. लहान सदस्याला सशाचं चित्र दिलं होतं. मुख्य सदस्य सांगेल तेवढ्या वेळाने त्याचा टीव्ही आपोआप बंद व्हायचा, आणि त्याने काय काय पाहिलं त्याचा अहवाल दर आठवड्याला मुख्य सदस्याच्या फोनवर जायचा.

विक्रीला काढण्याआधी बारा घरांत महिनाभर टीव्ही लावून बघायचं ठरलं. दुसऱ्या आठवड्यात शंका वही घेऊन घरोघर फिरायला लागली.

सातव्या घराचं दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. ताठ कणा, आखूड कापलेले केस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी तिला खुर्ची दाखवली आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

"टीव्हीवाली तूच का?"

"हो, काकू."

"मग हा ससा कुणी काढला ते सांग."

पडद्यावर कान टवकारलेला ससा होता. खाली लिहिलं होतं, 'आज खूप पाहिलंस! आता खेळायला जा.' शंकाला आधी हसू फुटलं आणि लगेच विरलं. ते वाक्य जमायला तिला एक अख्खी दुपार लागली होती.

"मीच काढला," ती म्हणाली.

"बरं. आता मी कुठे जाऊ खेळायला? माझ्या गुडघ्याला झेपेल असा एखादा खेळ असला तर तोही सांग."

काकू एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आता मुलगा आणि सून यांच्याबरोबर राहत. मुलाचं औषधांचं दुकान, सून शाळेत. दिवसभर घर रिकामं, आणि काकूंना नाद बॉक्सिंगचा. दुपारी त्या मुठी आवळून बसायच्या आणि "अगं, डावीकडून हाण!" असं ओरडायच्या. कोपऱ्यातला ससा त्यांना शोभेचा वाटला होता. मग एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, मंगळवारी तीन तास बॉक्सिंग? डॉक्टर काय म्हणाले होते?" दुसऱ्या दिवसापासून टीव्ही तासाभरात बंद पडायला लागला.

"घरात चिटपाखरू नव्हतं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, शेजारणीनेच चुगली केली. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. बिचारी दोनदा दार वाजवून गेली. मग सुनेने त्या अहवालाचं सांगितलं." आता कुठे त्या बसल्या. "हे बघ, एकतीस वर्षं गावभरची बोलणी माझ्या कानावरून गेली. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, घरच्यांच्या आधी मला कळायचं. नवऱ्यालासुद्धा कधी अवाक्षर सांगितलं नाही. आणि तुझं हे खोकं आठ दिवसांत माझ्या पोराला सगळं ओकून मोकळं!"

तेवढ्यात मुलगा जेवायला घरी आला. आईला सशाचं खातं का दिलं, असं शंकाने त्याला सरळच विचारलं. तो ओशाळला, पण मागे हटला नाही.

"मग काय करू? तिचं ब्लडप्रेशर बघा एकदा. मोठा सदस्य केलं तर वेळेची मर्यादा लावता येत नाही. म्हणून वयाच्या रकान्यात आठ घातलं. सोय तुमचीच आहे."

"मला विचारलंस?" काकूंनी विचारलं.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून विचारायचंच नाही का?"

काकूंनी शंकाकडे हात पसरला. "तुमच्या त्या चाचणीच्या परवानगीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्यात म्हणे. दाखव."

शंकाने कागद काढला. 'घरातील सर्वांच्या वतीने' असं छापलेलं होतं आणि खाली एकट्या मुलाची सही. काकूंनी तो दोनदा वाचला आणि स्वतःकडेच ठेवून घेतला.

"माझी सही नाही. म्हणजे मी काय बघते ते टिपायला तुम्हाला मी सांगितलेलं नाही. एक तर मला माझ्या वयाची कर, नाहीतर खोकं उचल."

शंकाने तिथल्या तिथे ते खातं पुसलं. परतताना बसमध्ये तिला तोच रकाना आठवत राहिला. वय विचारायचं तिनेच ठरवलं होतं. ते कोण भरणार, याची शंका तिला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब खूशच झाले.

"अहो, हे तर लाखमोलाचं सापडलं! म्हाताऱ्या आईवडिलांवर लक्ष ठेवायची लोकांना गरज आहे. साठीपुढच्यांसाठी चौथा प्रकार करा. ज्येष्ठ खातं. सशाच्या जागी फूल घाला."

"मी नाही करणार."

"म्हणजे?"

"मोठ्या माणसाचं खातं त्याने स्वतः उघडायचं, कोड त्याचा, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय अहवाल कुणालाच नाही. एवढं मी करीन. फूल दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

"टीव्ही ज्याने विकत घेतला, त्याच्या हातात सगळं नको?"

"टीव्ही असू दे ना त्याच्या हातात. आई कशाला?"

साहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. पंधरा दिवसांत ज्येष्ठ खातं तयार झालं आणि मोठ्या बैठकीची तारीख ठरली. संचालक येणार होते, शिवाय बारांपैकी एका घरातलं कुणीतरी बोलवायचं होतं. ते बोलवायचं काम अजून शंकाकडेच होतं. तिने काकूंना फोन केला.

बैठकीच्या दिवशी काकू तासभर आधीच येऊन शंकाच्या टेबलापाशी बसल्या. शंकाच्या शेजारी बसणारा प्रोग्रामर, ज्याला सगळे 'लंबू' म्हणत, खुर्ची ओढून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेबांनीपण चाचणीचा टीव्ही घरी नेलाय. त्यांनी काय काय पाहिलं ते माझ्याकडे आहे. भर बैठकीत पडद्यावर लावू? एका मिनिटात अहवालाची हौस फिटेल."

शंकाच्या मनात आलं, लाव. तिच्या तोंडातून शब्द निघणार, एवढ्यात काकूंनी लंबूच्या मनगटावर हात ठेवला.

"ते बंद कर."

"काकू, पण त्यांना कळायला नको?"

"मी सांगेन ना. देवाने मला तोंड दिलंय. माणसाची चोरून काढलेली गोष्ट चारचौघांत टांगायची असेल, तर मी आत्ता घरी जाते."

लंबूने मुकाट्याने फाइल बंद केली. शंकाचे कान तापले. आपणही हो म्हणणार होतो, हे तिने काकूंना सांगितलं नाही, पण काकूंना ते कळलं असावं.

बैठकीत साहेबांनी ज्येष्ठ खातं दाखवलं. फूल छान होतं. मग ते मोठ्या अदबीने म्हणाले, "आजी, कसं वाटलं?"

काकू उभ्या राहिल्या. "तुमच्या माणसांनी काम सुबक केलंय. पण हे माझ्यासाठी नाही, माझ्या पोरासाठी केलंय. त्याला काळजी वाटते, तर त्याने माझ्याशी भांडावं. मीही भांडेन. गेल्या आठवड्यात आम्ही दोन तास भांडलो, आणि शेवटी मी गोळी वेळेवर घ्यायचं कबूल केलं. हे फूल असतं तर त्याने बटण दाबलं असतं आणि जेवून झोपला असता. मी कशाला हो म्हटलं, कशाला नाही, ते कुणाला कळलंच नसतं." त्या थांबल्या, मग पर्समधून तो कागद काढला. "आणि हे. चाचणीच्या या कागदावर माझी सही नाही. दहा-बारा दिवस तुम्ही माझं बघणं टिपलंत. कुणाला विचारून?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या कंपनीच्या वकीलबाईंनी हात पुढे केला. "तो कागद जरा इकडे देता?" त्यांनी वाचला आणि साहेबांना विचारलं, "बाराही घरांत असंच आहे?"

साहेबांनी शंकाकडे पाहिलं.

"बाराही," शंका म्हणाली. "कागद मीच तयार केला होता. चूक माझी आहे. पण ज्येष्ठ खात्यात तीच चूक आपण पेटीत भरून विकणार आहोत."

महिन्याभराने टीव्ही बाजारात आला, तेव्हा त्यात तीनच प्रकार होते. मोठ्या माणसाचं खातं त्याच्या स्वतःच्या कोडशिवाय उघडता येत नव्हतं आणि त्याचा अहवाल दुसऱ्या कुणाला जात नव्हता. ज्येष्ठ खातं रद्द झालं नाही, 'तूर्त स्थगित' झालं. बाराही घरांत शंका नवा कागद घेऊन स्वतः गेली, माणसागणिक सही घेतली आणि दोन ठिकाणी बोलणीही खाल्ली. काकूंनी आपलं खातं आपल्या हाताने उघडलं. मुलाने कोड विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं वय झालं की सांगेन," आणि सून स्वयंपाकघरात खो खो हसली.

शंकाला मात्र त्या कामावरून हलवलं. आता तिला तळमजल्यावर रिमोटची बटणं बघायची होती. कुठलं बटण केवढं, कुणाच्या अंगठ्याला काय सापडतं. खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाइट. लंबूने तिची खुर्ची खाली नेऊन दिली.

चौथ्या महिन्यात साहेब स्वतः खाली उतरले. बराच वेळ एक रिमोट हातात फिरवत राहिले.

"ते ज्येष्ठ खातं पुन्हा निघालंय," ते म्हणाले. "वरून आलंय. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत नाही. या वेळी वर यायचं असेल तर..."

"त्यात ज्येष्ठ माणसाची स्वतःची परवानगी आहे?"

"ते मागाहून बघता येईल."

शंकाने त्यांच्या हातातून रिमोट घेतला, कारण त्यावर तिला काम करायचं होतं.

"मग मला इथेच बरं आहे, साहेब. पुढच्या महिन्यात विचारलंत तरी उत्तर हेच. आणि बैठक असेल तर मला बोलवा. मला शंका आहेत."