दिवा ‘हो’ म्हणाला

जेवणं उरकली की त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागायचा. पुढची खोली माणसांनी गच्च. खिडक्यांचे पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण बैठक घेणाऱ्या महाराजांना वारा चालत नसे. आणि सगळ्यांचे डोळे कुठे? तर टेबलावरच्या एका काळ्याठिक्कर मॉनिटरकडे! देव नाही, समाधी नाही, कॉम्प्युटरचा मॉनिटर. त्याच्या खालच्या कडेला एक बारकासा नारिंगी दिवा लुकलुकत होता. लुक, लुक, थांब. लुक, लुक, थांब. त्या अंधाऱ्या खोलीत तेवढं एकच काय ते जिवंत वाटत होतं, आणि ते बघता बघता भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा.

"मरण म्हणजे काय हो?" महाराजांनी विचारलं. "सिग्नल जाणं! तुमचा टीव्ही बंद पडला म्हणून केंद्र बंद पडतं का? आत्मा म्हणजे वीज, आणि वीज म्हणजेच आत्मा. शास्त्रज्ञांनी हे आत्ता कुठे कबूल केलं. आम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे आणि केव्हा, हे विचारायची तिथे सोय नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड होत होता. उभा जन्म शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेली बाई ती. विजेचे असे धिंडवडे निघालेले तिला कसे सोसणार? पण ती गप्प होती. कारण ज्या माणसाचा आत्मा त्या मॉनिटरमध्ये आहे असं महाराज सांगत होते, तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता. आणि मॉनिटरच्या अगदी समोर, दिव्यावरची नजर न हलवता बसली होती ती तिची वहिनी.

दादा जुने फोटो दुरुस्त करायचा. फाटलेले, विरलेले, ओल लागून डागाळलेले फोटो लोक घेऊन यायचे, आणि दादा याच मॉनिटरसमोर बसून त्यातली माणसं पुन्हा उजळून काढायचा. जमलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी भिंतीवरचे आई-बाप दादाच्याच हातचे होते. ज्याने आमची माणसं परत आणली तो स्वतः असा कसा जाईल, अशी त्यांची भाबडी समजूत. महाराजांनी ती बरोबर हेरली होती.

"आमची आई सुखात आहे का, तेवढं विचारा," बेकरीवाले काका म्हणाले.

महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी मॉनिटरची खालची कड धरली. नारिंगी दिवा पांढरा झाला. विझला. पुन्हा पांढरा झाला. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. काकांनी तोंडावर रुमाल धरला आणि हुंदके द्यायला लागले.

मग वहिनी हळूच म्हणाली, "माझ्या गाठीचं विचारा ना. कापून घेऊ का?"

पांढरा दिवा एकदाच लागला.

"नाही म्हणतात," महाराजांनी सुस्कारा सोडला. "म्हणतात, तू घर सोडून दवाखान्यात पडलीस तर मी बोलू कुणाशी?"

"एकदाच लागून एवढं सगळं बोलला?" मास्तरीण मोठ्यांदा म्हणाली. चारी बाजूंनी "शूऽऽ" झालं.

माणसं पांगल्यावर तिने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ते माझ्यासमोर म्हणालेत. आत्ता काढली तर निघेल, लांबवलं तर पसरेल. गुरुवारी तुला दाखल व्हायचंय."

"ते नको म्हणाले, वन्सं."

"अगं, घराला कुलूप लागलं की त्या महाराजाची बैठक बंद! म्हणून नको."

"महाराजांचं सोडा हो. मी डोळ्यांनी बघितलंय. हे खुर्चीत कोसळले, माणसं यांना उचलायला धावली आणि तेव्हाच पडदा काळा झाला. दोघं एकदम गेले. आणि संध्याकाळी घरात माणसं जमलेली असताना तो दिवा आपोआप लागला. कोणी लावला? सांगा ना तुम्ही, शिकलेल्या आहात."

तेच कोडं मास्तरणीलाही खात होतं.

वहिनी जरा आडवी झाली तेव्हा ती पुढच्या खोलीत जाऊन दादाच्या खुर्चीत बसली. खुर्चीची गादी दादाच्या बसण्याने एका अंगाला दबली होती. समोरच्या काळ्या काचेत कोणीतरी तिच्याकडे बघत होतं. तेच रुंद कपाळ, डावीकडे किंचित कललेलं तेच नाक. दादा! ती मागे सरली, तर तोही मागे सरला. मग तिच्या ध्यानात आलं, की ते आपलंच प्रतिबिंब आहे. दोघं एका साच्यातून काढलीत, असं लहानपणी सगळेच म्हणायचे.

एरवी तिला हसू आलं असतं, पण आज आलं नाही. मॉनिटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "दादा, आहेस का रे?"

दिवा पांढरा झाला. विझला. पुन्हा पांढरा झाला.

खरं सांगायचं तर त्या बाईला आधी भीती वाटलीच नाही, आनंद झाला. पदार्थविज्ञान कुठल्या कुठे पळालं. डोळे भरून आले, आणि लहानपणी रडायची तशी ती रडायला लागली. "मला पोचायला उशीर झाला रे. रागावलास?"

दिवा एकदाच लागला. नाही.

"मग वहिनीला—" तिचा प्रश्न अजून तोंडातच होता, आणि दिव्याने उत्तर देऊनसुद्धा टाकलं. दोनदा. हो!

मास्तरीण थबकली. प्रश्नाच्या आधी उत्तर? वर्गात असं झालं की ती काय करायची? कॉपी कुठून झाली ते शोधायची! तिने नुसते डोळे खाली केले आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. डाव्या हाताचं मधलं बोट कडेखाली वळलेलं होतं, आणि त्याच्या टोकाला हरभऱ्याएवढं काहीतरी मऊसर लागत होतं. तिने ते दाबलं. दिवा पांढरा झाला. दोनदा दाबलं. दोनदा झाला. रडताना मुठी आवळल्या जात होत्या आणि बटण दाबलं जात होतं, एवढंच.

दादाला कोणीतरी दुसऱ्यांदा खोलीतून उचलून नेलंय असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैठक रंगात आली तशी ती उठून पुढे गेली. "महाराज, आज मी विचारते."

"त्याला साधना लागते, ताई. देहातली वीज शुद्ध असावी लागते."

"सकाळीच आंघोळ केलीय मी," असं म्हणत ती खुर्चीत बसलीसुद्धा. "दादा, मी तुझी सख्खी बहीण ना रे?"

दिवा एकदाच लागला. नाही! खोलीत कुजबुज उठली.

"बरं. तू हल्ली चंद्रावर राहतोस ना?"

दोनदा लागला. हो. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि हे महाराज एक नंबरचे थापाडे आहेत, खरं ना?"

दिवा हो म्हणाला, आणि लगेच पुन्हा एकदा हो म्हणाला.

"अश्रद्धेच्या स्पर्शाने लहरी नासतात!" महाराज ओरडले. पण मास्तरणीने बेकरीवाल्या काकांना हाक मारली होती. "काका, इकडे या. बोट द्या. इथे, कडेखाली. लागलं काही? दाबा."

काकांनी दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. काका आपल्या बोटाकडे बघत राहिले. "म्हणजे काल माझी आई..."

"काल या महाराजांचं मधलं बोट होतं, काका."

काका सावकाश वळले. "माझ्या आईच्या नावाने?" ते एवढंच म्हणाले. पण रोज पहाटे पोती उचलणारा माणूस असं म्हणत जवळ येतो तेव्हा कोण थांबेल? महाराज दाराकडे सटकले. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःची जोडी काही सापडेना, आणि तिथे कोणत्याही दिव्याने त्यांना मदत केली नाही. शेवटी अनवाणीच गेले.

माणसं हसली, चिडली, घरी गेली. वहिनी जागची हलली नव्हती.

"बटण त्यांनी दाबलं असेल, वन्सं. पण आत्ता कोण दाबतंय?"

दिवा लुकलुकतच होता. लुक, लुक, थांब.

मास्तरणीने आपल्या घरचा जुना मॉनिटर आणला आणि दादाच्या कॉम्प्युटरला जोडला. दादा गेल्यापासून वहिनीने तो कॉम्प्युटर कोणाला बंद करू दिला नव्हता. माउस हलवताच पडदा उजळला, आणि त्यावर एक सूचना होती. दादा कोसळला त्या दुपारपासून ती तिथे कोणी वाचेल म्हणून थांबली होती. मास्तरणीने ती मराठीत वाचून दाखवली. ‘मॉनिटरचा अपडेट अर्धवट राहिला आहे. वीज तोडू नका.’

"ही काय भानगड?"

"मॉनिटरच्या पोटातही एक प्रोग्रॅम असतो, वहिनी. फर्मवेअर म्हणतात. चेहरे हिरवट दिसतात म्हणून दादा कुरकुरायचा ना? कंपनीने त्यावर नवा प्रोग्रॅम दिला होता. तो चढवताना जुना पुसला जातो. नवा पुरता चढेपर्यंत वीज जाऊन चालत नाही. आणि नेमका तेवढ्यात दादा कोसळला. त्याला उचलायला टेबल कोणी ओढलं?"

"शेजारच्या दोघांनी."

"तेव्हा वायर निघाली, म्हणून पडदा काळा झाला. नंतर कोणीतरी ती परत खोचली. पण आत प्रोग्रॅमच अर्धा! मग मॉनिटर दुसरं काय करणार? दिवा लुकलुकवत बसला."

वहिनी टेबलाखालच्या वायरींकडे बघून म्हणाली, "माणसं जमली होती, फार उकडत होतं. टेबलफॅन लावा असं मीच कोणालातरी सांगितलं होतं. त्याने दिसेल ती वायर खोचली असेल."

मास्तरणीने कंपनीला फोन लावला. "दिवा लुकलुकतोय ना? मग वाचेल," पलीकडची मुलगी स्पीकरवर म्हणाली. वाचेल! त्या शब्दाने वहिनी दचकून उभी राहिली. मुलीने कृती सांगितली. फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, तो मॉनिटरला लावायचा, बटण दाबून धरायचं आणि वायर खोचायची. मग काही झालं तरी हात लावायचा नाही.

पहिल्या वेळी दिवा भराभर लुकलुकला आणि पुन्हा आपल्या जुन्या चालीवर आला.

"बघा, त्यांना नकोय," वहिनी म्हणाली.

मास्तरणीचा चेहरा पडला. तिने मॉनिटर वळवून मागचं लेबल चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि कपाळावर हात मारला. मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं. फाइलच दुसऱ्या मॉनिटरची उतरवली होती. "त्याला नको नव्हतं, वहिनी. माझीच चूक."

बरोबर फाइल घेतली. "या वेळी दिवा विझेल. बराच वेळ विझलेला राहील."

"आणि लागलाच नाही तर?"

"तर मॉनिटर गेला. दादा त्याच्या आधीच गेलाय गं. वायर तू खोच."

वहिनीने वायर खोचली. दिवा भराभर लुकलुकला आणि विझला. वहिनीच्या तोंडून "अहो" असा शब्द निघाला, आणि ती पेनड्राइव्ह ओढायला पुढे झाली. मास्तरणीने तिचा हात धरला आणि सोडला नाही. काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसत होते. तिसरं कोणी नव्हतं.

मग दिवा लागला. पांढरा, स्थिर. मॉनिटर उजळला. मास्तरणीने केबल परत जागेवर लावली, आणि दादाचं शेवटचं काम समोर आलं. कोणाची तरी आजी होती. अर्ध्या चेहऱ्यावर जिवंत माणसाचा रंग, हिरवट अजिबात नाही. अर्धा चेहरा अजून राखाडी.

वहिनीने तो फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला. "माझ्यासाठी काहीच नाही यात."

"नाही, वहिनी."

"काम करत होते नुसते. एक गाल राहिला." आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. "गेले हो ते, वन्सं."

"गेला गं."

रडून झाल्यावर वहिनीने स्वतःच कडेखाली बोट घातलं आणि मॉनिटर बंद केला.

त्यानंतरही दोनचार माणसं चुकून दाराशी यायची. मास्तरीण त्यांना आत बसवून पाणी द्यायची आणि सांगायची, "आपलं माणूस गेलं की रडावं, खुशाल रडावं. पण कोणी त्याचा निरोप आणलाय म्हणाला, तर आधी त्याचे दोन्ही हात वर करायला लावा. आणि आपलं औषधपाणी डॉक्टरला विचारा, दिव्याला नका विचारू."

गुरुवारी वहिनी दाखल झाली. गाठ निघाली, आणि वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारच्या यंत्रावर एक नारिंगी दिवा लुकलुकत होता. तिची नजर त्यावर खिळली. मास्तरीण खाटेजवळ सरकली.

वहिनीने सुकलेले ओठ हलवले. "सिस्टर, हा दिवा का लुकलुकतोय हो?"

"सलाइन संपत आलीय, मावशी. थांबा, बदलते."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि कूस न बदलता शांत झोपली.