उसना शेवट

मी एक कादंबरी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, अर्धवट झोपेत बरळतेय म्हणा. आम्ही पुस्तकं आयुष्याचा बहुतेक वेळ झोपूनच काढतो. कुणी उघडलं की जागं व्हायचं, मिटलं की पुन्हा डोळा लागला. तेव्हा सांगताना एखादा धागा निसटला तर सांभाळून घ्या.

आणि 'एक' कादंबरी म्हणाले, तेही पुरतं खरं नाही. माझं धड एका बापाचं आणि शेपूट दुसऱ्याच आईचं. त्या दोघांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलं नाही. हसताय ना? हसा. पण या शेपटापायी एका पोरीचं आख्खं आयुष्य इकडचं तिकडे झालं.

विसावं शतक तेव्हा नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. कादंबऱ्यांचे दिवस होते ते! मासिकात नवं प्रकरण आलं की घरोघरी आधी कोण वाचणार यावरून जुंपायची. नायिकेला साधी शिंक आली तरी वाचणाऱ्या बायकांना जेवण जायचं नाही. माझे जन्मदाते म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. छापखान्यात सगळे त्यांना दाढीवाले म्हणत. माणूस मोठा, लेखणी त्याहून मोठी. पण त्यांच्या कादंबरीतल्या मुलीने घराचा उंबरा ओलांडला, की शेवटच्या प्रकरणात ती मेलीच म्हणून समजा. वाचक रुमाल घेऊनच बसत.

माझी गोष्टही तशीच. नायिकेची थोरली बहीण एक तान्हं मूल मागे ठेवून जाते. घरचे ठरवतात, धाकटीने मेहुण्याशी लग्न करावं. ती नाही म्हणते, पळून जाते, परगावी भाड्याच्या खोलीत तापाने फणफणते आणि सगळ्यांची क्षमा मागत प्राण सोडते. हा शेवट वाचून म्हातारेकोतारेसुद्धा रडले म्हणतात.

कित्येक वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघत होती, आणि त्याच आठवड्यात त्याच छापखान्यात आणखी एक कादंबरी तयार होत होती. चष्मेवाल्या बाईंची, त्यांची पहिलीच. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांचीही नायिका घर सोडते. पण ती समुद्राकाठच्या गावात जाते, खोली घेते, काम शोधते आणि एका सकाळी स्वतःपुरता चहा करून खिडकीत बसते. संपली कादंबरी.

"बाई, हा काय शेवट झाला?" छापखान्याचे मालक म्हणाले होते. "यात काही घडतच नाही."

"ती जगते की," बाई म्हणाल्या. "आणखी काय घडायला हवं?"

मालकांनी कपाळाला हात लावला आणि छापायला घेतलं.

आता आमचं बाळंतपण कसं होतं, ते सांगते. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणायचं. एकेका फर्म्याचा एकेक ढीग लांबलचक टेबलावर ओळीने मांडतात. मग एक माणूस टेबलाच्या कडेने चालत जातो, प्रत्येक ढिगावरचा एक फर्मा उचलतो, आणि टोकाला पोचेपर्यंत त्याच्या हातात पुस्तक जमतं. वाचायला त्याला सवड कुठली! पानाच्या तळाशी फर्म्याचा बारीक आकडा असतो, तेवढा बघायचा आणि पुढे सरकायचं. आमच्या टेबलावरचा माणूस दिवसभर गाणी गुणगुणायचा, म्हणून त्याला गुणगुण्या म्हणत. कामाची घाई होती. दोन्ही कादंबऱ्यांचे ढीग एकाच टेबलावर खेटून मांडले होते. सरसाचा वास, छपराच्या काचेतून येणारं ऊन, गुणगुण्याची लांबवलेली तान... मला गुंगी येत होती, त्यालाही आली असावी. शेवटचा फर्मा उचलताना हात शेजारच्या ढिगावर गेला. आकडा तोच, कागद तोच, टाइप तोच. शिवलं, चिकटवलं, वर लाल कापडी पुठ्ठा चढवला, झालं.

आणि बोलाफुलाला गाठ कशी पडावी बघा. माझ्या धडाचं शेवटचं वाक्य पानाच्या तळाशी अर्धंच तुटलं होतं: 'तिने थरथरत्या हाताने दाराची कडी काढली आणि'. खऱ्या कादंबरीत ती तिथेच कोसळते. माझ्या पुढच्या पानावर मात्र होतं: 'समोर समुद्र होता.' सांधा कुठे जाणवेल तर शपथ! त्या पानांत नायिकेचं नावही कुठे नव्हतं. त्या परक्या गावात तिला नावाने हाक मारणारं होतं कोण?

तेव्हापासून माझ्या पोटात समुद्र आहे. मिटलेली असले की त्याची गाज ऐकत पडून राहते.

एका छोट्या शहरातल्या वाचनालयाने मला विकत घेतलं. त्यांच्याकडची जुनी प्रत लोकांनी रडून रडून खिळखिळी केली होती, तिची पानं सुटायला लागली होती. ग्रंथपालांनी तिला मागच्या कपाटात ढकललं आणि मला पुढे मांडलं. त्या काळी नव्या पुस्तकाच्या घड्या बंदच असायच्या. वाचणाऱ्याने सुरी घेऊन पान पान कापत पुढे जायचं. माझ्या पोटात काय आहे, हे अजून कुणीच पाहिलं नव्हतं.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते एका आत्याबाईंनी. पांढरे केस, कडक आवाज, वाचताना ओठ हलवायची सवय. भावाची बायको लवकर गेली, तेव्हापासून त्यांनीच भावाचा संसार ओढला होता आणि त्याच्या दोन मुली वाढवल्या होत्या. त्यातली थोरली बाळंतपणात गेली. तिचं तान्हं बाळ आता याच घरात होतं. आणि घरात ठरत होतं, की धाकटीने भावोजींशी लग्न करावं.

ऐकल्यासारखी वाटली ना गोष्ट? मलाही वाटली. मी आत्याबाईंच्या पिशवीत दचकून जागी झाले.

भावोजी वाईट नव्हते हो. गरीब गाय माणूस. बाळाला खांद्यावर टाकून अंगणात गप्प उभे राहायचे. पण धाकटीला बंदराच्या शहरातून बोलावणं आलं होतं. तिथे टेलिफोन केंद्रात फोन जोडून द्यायला मुली हव्या होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर अनोळखी माणसांचे आवाज एकमेकांपाशी पोचवायचे. धाकटीला त्या कामाचं वेडच लागलं होतं.

आत्याबाई बोलून बोलून थकल्या. मग त्यांना माझी आठवण झाली. माझी जुनी प्रत वाचून त्या तरुणपणी ढसाढसा रडल्या होत्या.

"मी सांगून तुझ्या डोक्यात शिरत नाही," त्यांनी मला धाकटीच्या पुढ्यात आपटलं. "सोनाराने कान टोचलेले बरे. हे वाच. शेवटपर्यंत वाच. मग बोलू आपण."

धाकटीने स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि खिडकीत बसून एकेक पान कापत गेली. किती हलक्या हाताने कापायची पोर! मध्येच मला छातीवर उलटं ठेवून डोळे मिटायची. तिचा श्वास माझ्या पानांत भरायचा. नायिकेची बहीण गेली तिथे ती खूप रडली. अजून एक आसवांचा डाग आहे माझ्यावर, तो मी जिवापाड जपलाय. मग कडीचं वाक्य आलं. सुरी फिरली, घडी उघडली, आणि समोर समुद्र होता.

तिने सुरी खाली ठेवली. मग पान मागे उलटून पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"शेवटसुद्धा?"

"तीनदा."

"मग? आलं का डोकं ठिकाणावर?"

"आलं," धाकटी म्हणाली. तिने वाकून आत्याच्या कमरेला मिठी मारली. "आत्या, मला वाटायचं तू माझ्या विरुद्ध आहेस. आणि तूच मला हे वाचायला दिलंस! मी उद्या सकाळच्या गाडीने जाते."

आत्याबाई करायला गेल्या एक आणि झालं भलतंच! धाकटी गाणं म्हणत ट्रंक भरायला गेली. आत्याबाईंनी मला उचललं, चष्मा चढवला, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून शेवटची पानं वाचायला घेतली.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. आधी ते रागाने हलत होते. मग हळू झाले. मग थांबले. शेगडीवर दूध उतू गेलं, त्यांना पत्ता नाही. त्या बाईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. स्वतःपुरता चहा तर कधीच केला नव्हता. चहा म्हणजे भावाला, पाहुण्याला, आजाऱ्याला; स्वतःला मिळायचा तो उरलेला.

"मला का नाही दिलं गं हे कुणी वाचायला?" त्या मला म्हणाल्या. मलाच! आणि तोंडाला रुमाल लावून रडल्या.

पण आत्याबाई त्या आत्याबाईच. तोंड धुतलं आणि मला घेऊन तडक वाचनालयात गेल्या. घरात काय घडलं ते ग्रंथपालांना सांगितलं. त्यांनी मागच्या कपाटातून जुनी प्रत काढली, दोघांनी पानाला पान लावून पाहिलं. तिच्यात ताप होता, क्षमा होती, मरण होतं.

"बांधणीची चूक," ग्रंथपाल म्हणाले. "भलत्याच पुस्तकाचा फर्मा घुसलाय. बाई, त्या मुलीला आधी सांगा. चुकीचं पुस्तक वाचून कुणी घर सोडतं का?"

"सांगायलाच हवं," आत्याबाई म्हणाल्या. "अंधारात कशी जाऊ देऊ पोरीला?"

त्यांनी जुनी प्रतही मागून घेतली. सकाळी स्टेशनवर आम्ही दोघी एकाच पिशवीत होतो. धुकं होतं, दिवे पिवळे दिसत होते. आत्याबाईंचे भाऊ रागावून आलेच नव्हते. भावोजी मात्र बाळाला घेऊन आले आणि म्हणाले, "जा. इकडची काळजी करू नकोस." धाकटीने बाळाचा मुका घेतला, तिचा चेहरा पिळवटला. एक शब्द पुरला असता तिला परत न्यायला. आत्याबाईंचा हात पिशवीत आला. जुन्या प्रतीवर पडला.

"आत्या, पिशवीत काय आणलंस?" धाकटीने गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"काही नाही गं. जुनंपानं आहे, परत करायचंय." त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. "जप हो. आणि सकाळचा चहा घेत जा. बसून."

गाडी धुक्यात गेली. आत्याबाई वाचनालयात परतल्या, जुनी प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "नवी हरवली असं समजा." ग्रंथपालांनी त्यांच्या पिशवीतल्या माझ्या लाल कोपऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पुढे भावोजींनी एका शाळामास्तरणीशी लग्न केलं. बाळ तिच्या मायेत वाढलं, छान वाढलं. भावाचा राग काही वर्षांनी ओसरला. धाकटी सुट्टीत यायची, आवाज सुधारलेला, केस वेगळे बांधलेले. आत्याबाई मात्र मला उशाखाली ठेवून झोपायच्या आणि मनातलं ओझं कुणाला सांगायच्या नाहीत. फसवून पाठवली मी पोरीला, असं त्या झोपेत पुटपुटायच्या. मी ऐकायचे आणि माझाही जीव तुटायचा.

शेवटी त्यांची दृष्टी गेली. धाकटी त्यांना आपल्याकडे, बंदराच्या शहरात घेऊन गेली. एका दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "उशाखालचं ते वाचून दाखव."

धाकटी वाचत गेली. कडीचं वाक्य आलं तशी आत्याबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. पुढचं खरं नाही. ती मरते गं. मला स्टेशनवर माहीत होतं, तरी मी बोलले नाही."

धाकटी हसली. "आत्या, तिथे गेल्यावर आठवड्याच्या आतच कळलं मला. केंद्रातल्या सगळ्या मुलींनी वाचली होती ही कादंबरी. मी समुद्राचं बोलले तर त्यांनी मला वेड्यात काढलं! मग पुस्तकाच्या दुकानात जाऊन मी शेवट वाचून आले."

"मग परत का नाही आलीस?"

"खूप रडले. रात्री जेवलेसुद्धा नाही. पण सकाळी कामाची वेळ झाली." तिने आत्याचे केस सारखे केले. "ती मेली, आत्या. मी कुठे मेले होते?"

आत्याबाईंनी मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांचा होता तो. "वाच मग पुढे," त्या म्हणाल्या.

त्या दोघीही आता नाहीत. मी कुणाच्या तरी फळीवर आहे. शिवण सैल झालीय, लाल रंग विटलाय, दुपारचं ऊन सरकत पाठीपर्यंत येतं तेव्हा बरं वाटतं. दाढीवाल्यांचं नाव अजून घेतात म्हणे. चष्मेवाल्या बाईंचं कुणी घेत नाही.

आणि अलीकडे एक विचार मला झोपू देत नाही. गुणगुण्याने माझ्यासाठी शेजारच्या ढिगातला फर्मा उचलला, म्हणजे तिकडे एक कमी पडला. माझा इकडे उरला. उरलेला फर्मा वाया कोण घालवतो? बाईंच्या एका प्रतीला माझा ताप शिवला गेला असणार. माझी ती बहीण कुठे गेली? कुणाच्या घरी, कुठल्या खिडकीत, कुठल्या पोरीने हातात सुरी घेऊन शेवटची घडी उघडली? ट्रंक भरून तयार होती का तिची? तिने ती पुन्हा रिकामी केली का?

तुमच्या घरात असेल ती पोर. म्हातारी झाली असेल, नाहीतर तिची नात असेल. तिला एवढं सांगा, बाई गं, तुला दिलं ते मरण तुझं नव्हतं. तुझी पानं माझ्याकडे आहेत, मी ती नीट सांभाळलीत. ये, बस आणि वाचून जा.