दोन फूट आठ इंच

टेपचं टोक भिंतीला टेकवून धरा, एवढंच काम आहे, असं मी सगुणाबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी टोक धरलं होतं, पण ते भिंतीला लावायच्या ऐवजी कपाटाला लावलं होतं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसलो होतो, आणि गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

"खोली हाय तेवढी हाय," त्या म्हणाल्या. "मापून मोठी हुनार हाय का?"

मोठी होणार नाही, पण निदान खोटी तरी होणार नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण घर त्यांचं आणि काम त्यांच्या मुलाचं, म्हणून नुसता टेप ताणला. त्यांचा मुलगा इंद्रजित हिंजवडीला लागून असलेल्या माण गावात भाड्याच्या खोल्यांची एजन्सी चालवतो. हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरीला आलेल्या पोरांना मोबाईलवर घरं दाखवायची आणि पटलं तर चावी द्यायची, असा धंदा. गावातल्या चाळीसेक मालकांच्या खोल्या त्याच्याकडे आहेत, आणि त्याच्या आईचं हे तळमजल्याचं घर त्यातलंच एक; मायलेक स्वतः वरच्या मजल्यावर राहतात. दोन महिने रिकामं होतं.

रिकामं का होतं ते मला विचारा. इंद्रजित फोटो काढतो. त्याच्या मोबाईलमध्ये असलं काही भिंग आहे की ज्या स्वयंपाकघरात दोन बायकांची कोपरं एकमेकींना लागतात, ते मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यासारखं दिसतं. खाली मजकूर ठरलेला: 'प्रशस्त, हवेशीर, फेज थ्रीपासून पाच मिनिटं.' लोक फोटोवर भाळून वाकडहून, बाणेरहून रिक्षा करून यायचे आणि दारातूनच परत जायचे. एक जोडपं तर बेडरूममध्ये उभं राहून बेडरूम कुठे आहे असं विचारत होतं. एकजण टेम्पोतून फ्रिज घेऊनच आला. फ्रिज स्वयंपाकघरात बसला, पण मग दार लागेना. सगुणाबाईंनी घराची वास्तू बघायला माणूस आणायचं ठरवलं होतं. मी इंद्रजितला म्हटलं, वास्तूत काही दोष नाही, तुझ्या जाहिरातीत आहे. खोलीचा नकाशा टाक. कोणती भिंत किती, दार कुठे उघडतं, पलंग कुठे मावतो, हे आधीच कळलं तर ज्याला मावायचं तोच येईल.

"काका, नकाशा कोण बघतंय?" तो म्हणाला. "पब्लिकला फोटो पाहिजे. रील पाहिजे."

एकतीस वर्षं मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. आधी ड्रॉइंग बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. त्यातली सहा वर्षं डोंगरातल्या एका मोठ्या प्रकल्पात गेली. तिथल्या घरांचे मी इतके नकाशे काढले की झोपेतसुद्धा जिन्याच्या पायऱ्या मोजायचो. ते काम पुढे अडलं ते अडलंच. एकदा उषाला, माझ्या बायकोला, हौसेने दाखवायला घेऊन गेलो. मी काढलेल्या एका खिडकीतून एक माकड बाहेर बघत होतं. उषा हसली, मला हसू आलं नाही. माझ्या नकाशावरून कोणी माणूस खरोखर एखाद्या घरात राहायला गेला आणि सुखाने राहिला, असं मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर मुलाजवळ माणला राहायला आलो आणि इंद्रजितच्या मागे लागलो ते या एका हावेपोटी.

शेवटी कटकट नको म्हणून तो हो म्हणाला, आणि मी एकामागून एक घरं मोजायला लागलो. मालकांचा वैताग वेगळाच. कोणी म्हणायचं, बारा बाय दहा लिहा, तेवढं तर असतंच. एकाने पावलांनी मोजून दाखवलं आणि माझा टेप खोटा ठरवला. मी कोणाचं ऐकलं नाही. भिंती लिहिल्या, खिडक्या लिहिल्या, आणि प्रत्येक दाराची रुंदी लिहिली. दाराची रुंदी पाहून इंद्रजित कपाळाला हात लावायचा. सगुणाबाईंच्या बाथरूमचं दार दोन फूट आठ इंच निघालं, गावातल्या कुठल्याही बाथरूमपेक्षा रुंद. मी आश्चर्याने विचारलं, तर म्हणाल्या, त्यांच्या मालकांनी, म्हणजे कैलासवासी कोंडाजींनी, तांब्याचा बंब आत जावा म्हणून ते तसं करून घेतलं होतं.

नकाशा टाकून पंधरा दिवस झाले. खाली नंबर माझा दिला होता. फोन यायचे आणि लोक विचारायचे, हॉल केवढा आहे? अहो, समोर लिहिलंय. पार्किंग कुठे? तेही काढलंय. मी फोनवर चिडायचो आणि उषा टीव्हीचा आवाज वाढवायची.

मग परभणीहून एका मुलीचा फोन आला. नाव उत्कर्षा. तिला फेज थ्रीमध्ये नोकरी लागली होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "काका, बाथरूमचं दार दोन फूट आठ इंच लिहिलंय, ते चौकटीच्या आतलं माप आहे की बाहेरचं?"

मी उठून उभा राहिलो. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नव्हता. आतलं, मी म्हणालो. मग तिने सगळं सांगितलं. तिचे वडील अण्णासाहेब एसटीचे ड्रायव्हर होते, परभणी डेपोत बत्तीस वर्षं. मागच्या वर्षी त्यांची डावी बाजू गेली. चाकाच्या खुर्चीवर असतात, उजवा हात आणि उजवा पाय चालवून खुर्ची स्वतः हलवतात, पण परभणीच्या घरातलं बाथरूमचं दार अरुंद. रोज पोरीने बापाला उचलून आत न्यायचं आणि बापाने मान फिरवून घ्यायची, असं वर्षभर चाललं होतं. वडिलांचं मागणं एकच होतं: पुण्यात कुठेही ने, पण संडासाला माझा मी जाईन असं घर बघ.

"पंचवीस इंचांची खुर्ची आहे," ती म्हणाली. "आम्ही घर न बघताच येतोय. नकाशा बरोबर आहे ना, काका?"

"अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर मला सांगा," मी म्हणालो. त्या दिवशी मी उषाला जिलबी आणून दिली.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला त्यांचा टेम्पो आला, त्याच्यामागे गाडी. मी आधीच जाऊन उभा होतो, जणू माझ्याच घरी पाहुणे यायचे होते. अण्णासाहेब उंचेपुरे, पिकल्या मिशांचे. त्यांना खुर्चीवर बसवलं. इंद्रजितने बुलेट चढवायला अंगणातून ओट्यावर सिमेंटचा उतार केलेला होता, त्यावरून ते एका हाताने आणि एका पायाने, थांबत थांबत वर आले. ओटा पार केला. घराच्या दारात आले आणि खुर्ची थांबली.

समोर उंबरा होता. काळ्या दगडाचा, सहा इंच उंच, हळदीकुंकवाने माखलेला.

मी आत पाहिलं. स्वयंपाकघराला उंबरा. बाथरूमच्या दारात पाणी बाहेर येऊ नये म्हणून कडाप्प्याची उभी पट्टी. या घरात मी दोन दिवस गुडघ्यांवर फिरलो होतो. प्रत्येक दाराची रुंदी दोनदा घेतली होती आणि प्रत्येक उंबरा ओलांडून पुढे गेलो होतो. नकाशात प्रत्येक उंबऱ्याच्या जागी मी एक बारीक रेघ काढली होती. एवढीशी रेघ, तिला उंची कुठली?

माणूस चुकला की आधी दुसऱ्यावर ओरडतो. मी इंद्रजितवर ओरडलो की हे लोक खुर्चीवाले आहेत हे तुला ठाऊक असून तू काही बोलला नाहीस. मग सगुणाबाईंकडे वळलो आणि म्हणालो, एवढा उंच उंबरा घालतं का कोणी आजच्या काळात?

सगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "तुमी तर गुडघ्यावर बसून मापं घेतली," त्या म्हणाल्या. "तुमास्नी उंबरा दिसला न्हाई व्हय?"

उत्कर्षाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अण्णासाहेबांनी खिशातून एक कागद काढला. माझ्या नकाशाची छापील प्रत होती, घड्यांवर विरलेली. तिच्यावर पेन्सिलची एक रेघ होती. दारातून आत, हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात, तिथल्या कोपऱ्याला डावं वळण, तिथून बाथरूम. रेघ पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेली होती.

"रोज एक फेरी मारत होतो साहेब, कागदावर," ते म्हणाले. "वळण कुठं घ्यायचं, रिव्हर्स कुठून मारायचा, समदं बसवलं होतं. बत्तीस वर्षांत गाडी कुठं घासली न्हाई माझी."

ती पेन्सिलची रेघ माझ्या तीन बारीक रेघांना छेदून गेली होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

इंद्रजित म्हणाला, त्यात काय, आपण चौघं आहोत, खुर्चीसकट उचलू, दोन मिनिटांचं काम. तो आणि टेम्पोवाला पुढे झालेसुद्धा. अण्णासाहेबांनी उजवा हात आडवा धरला.

"उचलूनच न्यायचं होतं तर परभणी काय वाईट होती?"

ते ओट्यावरच बसून राहिले. सामान टेम्पोत, टेम्पोवाला घड्याळ बघतोय, मुलगी ओट्याच्या कठड्याला टेकलेली. दुसरं घर बघायचं तर तेही फोटोवर बघायचं.

मी पलीकडे स्लॅब चालला होता तिथून छिन्नी-हातोडा मागून आणला. माणमध्ये पलीकडे कुठे ना कुठे स्लॅब चालू असतोच. कडाप्प्याची पट्टी मीच फोडली. इंद्रजित म्हणत होता की प्लंबरला बोलवू, पण माझी चूक प्लंबरने का काढावी? स्वयंपाकघराचा लाकडी उंबरा खिळे उपसून निघाला. राहिला दगड.

त्याला हात लावायचा नाही, असं सगुणाबाईंनी बजावलं. फेज थ्रीत जिथे आता काचेच्या इमारती आहेत तिथे त्यांचं शेतातलं घर होतं. जमीन गेली तेव्हा त्या घरातून कोंडाजींनी एकच वस्तू बैलगाडीत घालून आणली ती हा दगड. नवरी होऊन आल्या तेव्हा याच दगडावरचं माप त्यांनी पायाने लवंडलं होतं. रोज सकाळी त्याला पाणी, हळद, कुंकू. "उंबऱ्याबिगर घर म्हंजी गोठा," त्या म्हणाल्या.

तोडायचा नाही, झाकला तर चालेल का, असं मी विचारलं. सहा इंच चढायला सहा फूट उतार लागतो. ओटा सात फुटांचा होता, हॉल चौदाचा. ही मापं मात्र माझ्याकडे बरोबर होती. स्लॅबवरच्या सुताराकडून जाड फळ्या आणून दगडावरून दोन्हीकडे उतार करता येणार होता. पण मग दगड दिसणार नव्हता.

सगुणाबाई अण्णासाहेबांकडे बघत होत्या. ते खाली मान घालून कागदाची घडी पुन्हा तिच्याच जुन्या चुणीवर घालत होते.

"आमचे मालक शेवटी सा म्हैने आंथरुणात व्हते," त्या म्हणाल्या. "मी उचलायची त्यास्नी. लई लाजायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टाका फळ्या. दगूड खाली हायेच की."

फळ्या बसेपर्यंत दुपारचे तीन वाजले. अण्णासाहेबांनी पहिल्यांदा जोर केला, खुर्ची निम्म्यावर गेली आणि मागे घसरली. उत्कर्षा धावली. त्यांनी मान हलवली, ती थांबली. दुसऱ्या वेळी ते वर पोचले, क्षणभर दगडाच्या वर थांबले आणि पलीकडे उतरले. हॉलमधून सरळ गेले, कोपऱ्याला डावीकडे वळले, आणि बाथरूमचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. उत्कर्षा ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली.

आठ दिवसांनी मी नकाशा दुरुस्त करायला गेलो. दरम्यान बाकीच्या घरी जाऊन उंबऱ्यांच्या उंच्या घेत होतो. मालक मला बघून दार लोटून घ्यायला लागले होते, आणि इंद्रजितने तर हात जोडले होते. त्या दिवशी मी फळी बाजूला घ्यायला लावली आणि दगडापुढे गुडघ्यांवर बसलो. आत हॉलच्या फरशीवर एक पिवळी-तांबडी रेघ उमटलेली दिसली. सगुणाबाई आता फळीवर हळदकुंकू वाहायच्या आणि खुर्चीचं चाक त्यावरून जायचं. रेघ सरळ गेली होती, कोपऱ्याला डावीकडे वळली होती आणि बाथरूमच्या दारात दिसेनाशी झाली होती.

"बगा," सगुणाबाई मागून म्हणाल्या, "रोज फरशी पुसायचं काम लागलंया माझ्यामागं."

मी उंची घेतली. सव्वासहा इंच निघाली, मी सहा धरली होती. पाव इंचाचीही चूक होतीच. ती नकाशावर लिहिली. सगुणाबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"झालं आसंल तर सरका," त्या म्हणाल्या. "दगूड उघडा हाय तवर त्याला हळद लावून घेते."

मी टेप गुंडाळला आणि बाजूला झालो.