बॉक्सचं तोंड

"आम्ही गाणी लावणारच न्हाई," अण्णाराव म्हणाले. चपला त्यांनी ओट्याखाली काढल्या होत्या, पण आत न येता ते उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "हळद घरातल्या घरात उरकू. तुझ्या अव्वाला तेवढं सांग."

मंजुश्रीने भाजी निवडायचं थांबवलं. समोर अण्णारावांच्या दारात मांडव पडला होता. त्यांच्या लेकीची, पुनमची हळद परवावर आली होती, आणि गल्ली इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती.

"काका, पुनमने मैत्रिणींबरोबर नाच बसवलाय ना?"

"बसवलाय. पण समोरच्या घरात माणूस जाऊन दोन महिने न्हाई झाले, अन् आम्ही नाचावं? आमची माय गेली, तवा शेजारच्या लग्नाचं काम तुझ्या अप्पाकडं, मल्लिनाथअण्णाकडंच होतं. गाडीतून साउंडचे बॉक्स उतरवायच्या आधी आमच्या दारात आला. म्हणला, अण्णाराव, लावू का? आवाज लहान करू, का बॉक्सचं तोंड तिकडं फिरवू? तू म्हणशील तसं. असं कोण इचारतंय, सांग बरं?"

मंजुश्रीला हे माहीत नव्हतं. अप्पांनी उदगीरात चाळीस वर्षं साउंडचं दुकान चालवलं. ती लातूरला कॉलेजात ग्रंथपाल झाली. त्यांच्या कामाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की हळदीच्या आदल्या दिवशी ते त्या घरी जाऊन चहा पीत बसायचे. कोणती गाणी आवडतात हे विचारायचे नाहीत. कुणाचा गुडघा धरलाय, कोण रुसून आलीय, कुणाला नाचायचंय पण लाज वाटतेय, हे बघून यायचे. चार धडाक्याची गाणी झाली की एक सावकाश. त्याला ते गुडघ्यांचं गाणं म्हणायचे.

आणि पुनम पाच वर्षांची असल्यापासून 'हिच्या हळदीला साउंडचं मशीन मीच लावणार' असं साऱ्या गल्लीला सांगत आले होते.

"अप्पांचा शब्द आहे, काका. मशीन मी लावते."

अण्णाराव खिशातल्या दस्तीने तोंड पुसत मांडवाकडे गेले.

अव्वाला, म्हणजे आईला, तिने सांगितलं नाही. उगाच कशाला त्रास.

दुसऱ्या दिवशी ती समोर चहाला जाऊन बसली. केवळाबाई, पुनमची आई, पुऱ्या लाटत होत्या.

"काय बघायलीस गं टकामका?"

"तुमचा गुडघा, काकू."

"बघ बाई. डावा कामातून गेलाय. पर पोरीच्या हळदीत म्या नाचणार म्हंजे नाचणार. मंग चार दिवस पडून ऱ्हाईन."

"तुमच्यासाठी एक सावकाश गाणं ठेवते."

"एकच? बापापरीस चिकट हायस."

पुनम हसली. "ताई, आमचं तेलुगू गाणं हाय. ते शेवटी ठेव. त्याला म्हातारेबी उठतेत."

संध्याकाळी तिने दुकानाचं शटर उचललं. प्रत्येक वायर गुंडाळून अव्वाच्या जुन्या साडीच्या काठाने बांधलेली होती. बॉक्सवर खोळी, खोळींवर खडूने नंबर. तिला काही म्हणजे काही शोधावं लागलं नाही. दोन महिने न फुटलेलं रडू तिथे आलं, पण ते दुःखाचं कमी आणि उपकाराचं जास्त होतं. माणूस किती नीट ठेवून गेला होता सगळं.

हळदीला मांडव भरला. मंजुश्रीने दोन्ही बॉक्सची तोंडं स्वतःच्या घरापासून दूर फिरवली आणि देवीचं गाणं लावलं. मग चढती गाणी. पण कुणी हलेना. पिवळ्या हातांच्या बायका मांडवाच्या कडेला उभ्या राहून समोरच्या दाराकडे बघत होत्या. पाटावर पुनम मान खाली घालून बसली होती. चौथं गाणंही असंच गेलं.

तेवढ्यात ते दार उघडलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा अव्वा, शांतम्मा, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि डोक्यावरचा पदर सावरत सरळ मशीनपाशी आली. मंजुश्रीने गाणं थांबवलं.

"बॉक्स तिकडं कुणी फिरवले?"

"मी, अव्वा. दुःखाच्या घरी अप्पा असंच..."

"इचारून फिरवायचे तुझे अप्पा. तू साऱ्या गल्लीसमोर माझ्या घराकडं पाठ केलीस. मला इचारलंस?"

समोरच्या घरातले गुडघेसुद्धा मंजुश्रीने विचारून घेतले होते. विचारायचं राहिलं ते स्वतःच्या घरात.

"चुकलं, अव्वा."

"मंग इचार आता."

"अव्वा, लावू का?"

"लाव. तोंड आपल्या घराकडं कर."

बॉक्स जड होते. अण्णाराव स्वतः पुढे झाले, एका बाजूने त्यांनी खांदा दिला. बॉक्स फिरले. शांतम्माने केवळाबाईंकडे बघितलं.

"तू कामून उभी हायस खांबासारखी? पोरगी तुझी हाय का माझी?"

बायका हसल्या. केवळाबाई पदर खोचून पुढे आल्या, त्यांच्यामागे सगळ्याच. पुनम पाटावरून कधी उठली ते कळलंच नाही. तेलुगू गाण्याला अण्णारावही दोन्ही हात वर करून, ताल सोडून नाचले.

गाणं भरात असताना मंजुश्री पाणी प्यायला घरात आली. अप्पांच्या बॉक्सच्या प्रत्येक ठोक्याला भिंत हादरत होती, रॅकवरची ताटं बारीक थरथरत होती. ओट्यावर येऊन बसलेली अव्वा आता तिथे नव्हती.

ती आतल्या खोलीत होती. रस्त्याकडच्या भिंतीवर उजवा तळहात सपाट टेकवून, डोळे मिटून उभी होती. बाहेर गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. तिने हात काढला नाही.